आधी डायलिसिसची जागा, मग गाडीचं तिकीट

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात प्रवासाचा प्रश्न एकच नसतो, तीन असतात, आणि ते एकमेकांत मिसळले की सल्ला चुकतो. ज्याची किडनी कमी काम करते पण डायलिसिस लागलेले नाही, त्याला प्रवासात शरीर कोरडे पडण्याची भीती. डायलिसिसवर असलेल्याला नेमकी उलटी, म्हणजे अंगात पाणी साठण्याची. ज्याचे प्रत्यारोपण झाले आहे त्याला जंतुसंसर्गाची आणि गोळीची वेळ चुकण्याची. तिन्हींत मधला प्रश्न सर्वांत अवघड. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास यंत्राला जोडून घेणे ही गोष्ट पुढे ढकलता येत नाही आणि सामानात बांधून नेताही येत नाही.

मुंबईतल्या कोकणी घरांत हा प्रश्न दर भाद्रपदात उभा राहतो. गणपतीला गावी जायचे की नाही, यावर घराचे दोन तट पडतात. ते दोन तट इथे दोन व्यक्तींच्या तोंडी दिले आहेत. एक काका, वय साठीच्या पुढे, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसवर. दुसरी त्यांची पुतणी, डायलिसिस विभागातली तंत्रज्ञ. काकांचे म्हणणे जायचेच. पुतणीचे म्हणणे, या वर्षी गणपती व्हिडिओ कॉलवर पाहा.

काका: एक सिटिंग चुकलं तर काय आभाळ कोसळतं? नाहीतरी शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत मी यंत्राशिवाय काढतोच की.

पुतणी: काढता, पण तेच दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात, काका. शुक्रवारी झालं, सोमवारचं चुकवलं, की पुढचं बुधवारी. म्हणजे पाच दिवस झाले. पाच दिवसांचं पाणी आणि पाच दिवसांचं पोटॅशियम.

पुतणीची भीती पोकळ नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०११ साली अमेरिकेतल्या डायलिसिसच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातल्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर दिवसांपेक्षा जास्त असते, असे त्यात दिसले. नेहमीचा खंडच जिथे जड जातो, तिथे तो आणखी दोन दिवस ताणणे हा हिशेब बसत नाही. आपल्याकडे खर्चामुळे आठवड्याला दोनच सिटिंग घेणारे पुष्कळ आहेत; त्यांच्या हाती तर ताणायला काहीच उरलेले नसते.

काका: म्हणजे जन्मभर या बेडला बांधून राहायचं?

पुतणी: सिटिंग चुकवायचं नाही, एवढंच म्हणतेय मी.

काका: मग चुकवत नाही. तिकडे घेतो.

वादाला वळण मिळते ते इथे. डायलिसिस न चुकवता दुसऱ्या गावी घेता येते आणि पुष्कळ लोक घेतातही. काकांचा हट्ट या एका वाक्याने योजना होण्याच्या लायकीचा होतो. मात्र वाक्य सोपे असले तरी त्यामागची कामे बरीच आहेत.

पहिले काम जागा शोधण्याचे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर सुरू झाला, त्यामुळे डायलिसिस आता फक्त मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी खाजगी केंद्रेही आहेत. पण यंत्र असणे वेगळे आणि त्या आठवड्यात ते रिकामे असणे वेगळे. गणपतीत तंत्रज्ञांनाही रजा हवी असते, रविवारी बरीच केंद्रे बंद असतात, आणि नेहमीच्या रुग्णांच्या शिफ्ट भरलेल्या असतात. पाहुण्या रुग्णाला जागा मिळते ती कोणी गैरहजर असेल तर, किंवा केंद्राने रात्रीची जादा शिफ्ट चालवली तर.

काका: आणि रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. पाच मिनिटांत गाडी भरते. तुझ्या केंद्राचा होकार येईपर्यंत मी काय स्टेशनवर उभा राहू?

ही अडचण खरी आहे आणि पुतणीकडे तिचे आयते उत्तर नाही. निघेल असा मार्ग एकच. बुकिंग उघडण्याच्या आधीच, म्हणजे सव्वादोन-अडीच महिने आधी, गावाजवळच्या दोन केंद्रांना फोन करून तोंडी होकार घ्यावा; मग तिकीट काढावे; निघण्याच्या आठवडाभर आधी तारीख, वेळ आणि दर लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर, मागून घ्यावेत. होकार फिरला तर तिकीट रद्द करायचे, डायलिसिस नव्हे. काका तानाजीचा दाखला देऊन आधी लगीन कोंढाण्याचं म्हणतील, तर या प्रकरणातला कोंढाणा म्हणजे ते यंत्र.

दुसरे काम वारांचे गणित. समजा चतुर्थी सोमवारी आली. काकांचे सोमवार-बुधवार-शुक्रवार तसेच ठेवले तर प्राणप्रतिष्ठेच्याच सकाळी त्यांना तालुक्याला जावे लागेल, आणि तेवढ्यासाठीच गावी आलेला माणूस ते करणार नाही. पुतणीने सुचवलेली मांडणी अशी: मुंबईतल्या केंद्राला विनंती करून शुक्रवारचे सिटिंग शनिवारी घ्यायचे, रविवारी प्रवास, सोमवारी गणपती, मग गावाजवळ मंगळवार-गुरुवार-शनिवार. पाच दिवसांचे विसर्जन शुक्रवारी. रविवारी परतीची गाडी, सोमवारी पुन्हा आपल्या केंद्रात. यात बुधवार ते शनिवार आणि शनिवार ते मंगळवार असे दोन मोठे खंड लागोपाठ येतात. दोन्ही नेहमीच्या शुक्रवार-सोमवारएवढेच आहेत, तरी त्या आठवड्यात खाण्यापिण्यात सूट नाही, ही पुतणीची अट. प्रवास डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवणेही मुद्दाम. सिटिंगनंतर लगेच रक्तदाब उतरलेला असतो, अंग गळून गेलेले असते, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनमुळे सुईच्या जागेतून रक्त यायची शक्यता असते. त्या संध्याकाळी बसच्या धक्क्यांत बसण्यात शहाणपण नाही.

तिसरे काम कागदांचे.

काका: माझी फाइल आहे ना. पाच वर्षांची. जाडजूड.

पुतणी: ती कोण वाचत बसणार? नव्या केंद्राला दोन पानं लागतात.

त्या दोन पानांत काय असावे हे ठरलेले आहे: आजाराचे निदान, ड्राय वेट म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, सिटिंगची वेळ, रक्ताचा प्रवाह, डायलायझरचा प्रकार, हेपॅरिनची मात्रा, फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) कोणत्या हाताला की मानेत कॅथेटर म्हणजे नळी, चालू औषधे, अॅलर्जी, रक्तगट, ताजे हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम, आणि शेवटच्या तीन सिटिंगच्या नोंदी. त्यांत रक्तदाब कधी कोसळला, पेटके कधी आले, हे दिसते. सोबत हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचे अलीकडचे अहवाल. या अहवालांशिवाय केंद्र यंत्राला हात लावू देत नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णासाठी यंत्र वेगळे ठेवावे लागते, आणि तसे यंत्र छोट्या गावात असेलच असे नाही. डायलिसिसच्या रुग्णांना हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी देतात. ती पूर्ण झालेली असावी.

पैशांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना डायलिसिस मोफत आहे, आणि राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. पण एका रुग्णालयात मिळालेली मंजुरी दुसरीकडे आपोआप चालेल असे धरून निघू नये. रेल्वेत डायलिसिसच्या किंवा प्रत्यारोपणाच्या रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत आहे. स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ती ७५ टक्के आहे. मात्र ती उपचारासाठीच्या प्रवासाला, रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर मिळते. गणपतीला गावी जाणे त्यात येत नाही.

मग वाहन कोणते? काकांना भाचेजावयाची गाडी हवी, दारात उतरवणारी. पुतणी रेल्वेच्या बाजूची आहे, आणि इथे तिचेच म्हणणे जास्त पटते. मुंबई-गोवा महामार्गावर गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत किती तास लागतील हे कोणी सांगू शकत नाही. कोंडीत अडकलेला माणूस कंटाळून पाणी पितो, वेफर्स खातो, आणखी पाणी पितो. कोकण रेल्वेही पावसाळी वेळापत्रकात हळू धावते, दरड आली तर थांबते. तरी तिथे उठता येते, झोपता येते, शौचालय असते. वाहन कोणतेही असो, औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, डिकीत किंवा बर्थखालच्या बॅगेत नव्हे, आणि पाच दिवसांची लागत असतील तर दहा दिवसांची घ्यावीत. हिमोग्लोबिनसाठीचे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे; बर्फाच्या पॅकसह थर्मासमध्ये, पण बर्फाला चिकटून गोठणार नाही असे. फिस्टुलाच्या हाताला घड्याळ नको, पिशवीचा पट्टा नको, त्या हातावर डोके टेकून झोपणे नको. रोज सकाळी दुसऱ्या हाताची बोटे फिस्टुलावर ठेवून थरथर लागते का ते पाहायचे. ही सवय काकांना आहे, तेवढ्यापुरती पुतणीची तक्रार नाही.

काका: आणि ते पोटातलं डायलिसिस? शेजारच्या सावंतांचा मुलगा पिशव्या घेऊन कुठेही जातो म्हणे.

पुतणी: जातो. दिवसाला तीन-चार पिशव्या, प्रत्येकी दोन लिटरच्या. पाच दिवसांचे तीस-चाळीस किलो. आणि गणपतीच्या घरात दार लावून, हात धुऊन, पंखा बंद करून बसायला एक खोली सांगा मला.

पेरिटोनियल डायलिसिसवरचा रुग्ण यंत्राच्या वेळापत्रकातून सुटतो हे खरे, पण त्याला स्वच्छतेचा बंदोबस्त लागतो. तीस माणसे उतरलेल्या घरात ती खोली आधी ठरवून ठेवली तरच जावे. काकांना अर्थात हा पर्याय नाही. डायलिसिसचा प्रकार सुट्टीसाठी बदलत नाहीत.

खरी लढाई सुरू होते ती गावी पोचल्यावर, आणि ती पानावर होते. काकांची भूमिका अशी, की घरचे, ताजे, कांदा-लसणाशिवायचे जेवण कोणाला बाधत नाही. पुतणी म्हणते, सात्त्विक शब्दाने पोटॅशियम कमी होत नाही. रक्तातले पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे, ६.५ च्या वर गेले तर हृदयाचा ठोका बिघडून माणूस बसल्या जागी जाऊ शकतो, आणि आधी दुखत-खुपत काही नाही. आता गणपतीचे पान पाहावे. ऋषीपंचमीच्या भाजीत अळू, सुरण, रताळे, लाल भोपळा, मक्याची कणसे. काळ्या वाटाण्याची उसळ. नारळाच्या रसातली खीर. सोलकढी. दुपारी अंगणात सोललेले शहाळे. यांतली प्रत्येक गोष्ट निरोगी माणसाला उत्तम आणि काकांना मोजून. शहाळ्याचे पाणी तर मुळीच नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि वर ते पाणीच.

कंदभाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले की पोटॅशियम बरेच उतरते. ऋषीची भाजी नेमकी उलट केली जाते, सगळा रस तिच्यातच राहतो. म्हणून काकांसाठी चार फोडी वेगळ्या उकळून काढाव्यात. त्यांच्यापुरती चव थोडी कमी होईल. मोदकाबाबत पुतणी अनपेक्षितपणे उदार आहे. तांदळाच्या उकडीची पारी चालते. सारणात नारळ आणि गूळ दोन्ही आहेत, म्हणून एक, फार तर दोन, आणि मधुमेह असेल तर साखरेचा हिशेब निराळा. फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यायची असते, ती पंगतीच्या गडबडीत विसरते. सदऱ्याच्या खिशात ठेवलेली बरी.

काका: मीठ मी सोडलंय. सैंधव खातो.

पुतणी: सैंधव म्हणजे मीठच, काका. आणि ते ‘लो सोडियम’ लिहिलेलं पाकीट उघडूसुद्धा नका.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, त्यामुळे रक्तदाबाच्या सामान्य रुग्णाला चांगले असलेले हे मीठ किडनीच्या रुग्णाला घातक ठरू शकते. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, यात लोणचे, पापड, सुकी मासळीही आली. मीठ वाढले की तहान वाढते आणि तहान वाढली की वजन. काकांचे ड्राय वेट ५८ किलो आहे. दोन सिटिंगच्या मध्ये वजन ड्राय वेटच्या चार-साडेचार टक्क्यांहून जास्त वाढू नये, म्हणजे त्यांच्यासाठी अडीच किलोच्या आसपास. यंत्राने पाणी काढण्याचीही मर्यादा आहे: ताशी, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटर. चार तासांत काकांच्या अंगातून तीन लिटर निघतील. त्याहून जास्त ओढायला गेले तर पेटके आणि चक्कर. म्हणून एक साधा वजनकाटा गावी न्यावा आणि रोज सकाळी त्यावर उभे राहावे. पिण्याचे प्रमाण सहसा दिवसभरातली लघवी अधिक अर्धा लिटर असे सांगतात, आणि चहा, सोलकढी, खीर, कढी, भाताची पेज हे सगळे त्यात मोजायचे. छोटा पेला, तोंडात बर्फाचा खडा किंवा लिंबाची फोड, एवढ्यावर तहान मारता येते.

दोन फळांबद्दल सांगितलेच पाहिजे, कारण कोकण-गोव्यात ती परसात असतात आणि कोणी विषारी मानत नाही. एक कमरख, पाच धारांचे, आडवे कापले की चांदणी दिसते ते. त्यातले एक द्रव्य निकामी किडनीतून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर चढते: न थांबणारी उचकी, भ्रम, झटके, क्वचित मृत्यू. थोडेसे फळही पुरते. दुसरे बिलिंबी, आमटीत घालतात ते लांबट, हिरवे, अतिआंबट फळ. त्यातल्या ऑक्झलेटमुळे त्याचा रस प्यालेल्यांची धडधाकट किडनीही अचानक बंद पडल्याच्या नोंदी केरळमध्ये आहेत.

काकांच्या शेजारच्या पाटावर त्यांची बहीण बसेल. तिचे क्रिएटिनिन वाढलेले, पण डायलिसिस नाही. तिला पुतणी पाणी पुढे करते.

काका: तिला आग्रह आणि मला मनाई? आजार तोच ना?

आजार तोच, टप्पा वेगळा. डायलिसिस न लागलेल्या आणि अंगावर सूज नसलेल्या रुग्णाची उरलीसुरली किडनी पाण्यावाचून आणि जुलाबांनी खालावते. तिला डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाणी प्रवासात कमी होता कामा नये. अनेकजणी वाटेतल्या शौचालयांच्या भीतीने घोट घेत नाहीत, ते सर्वांत वाईट. उलट्या-जुलाब सुरू झाले तर रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवीच्या गोळ्या आणि मधुमेहाची काही औषधे तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. रात्री दोन वाजता फोनवर विचारायची ती गोष्ट नाही. गुडघे दुखले म्हणून कोणाच्याही पिशवीतली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. प्रत्यारोपण झालेल्याने नवी किडनी टिकवणाऱ्या टॅक्रोलिमसची बारा तासांची वेळ आरतीसाठीही हलवू नये, पपनस खाऊ नये, आणि गावच्या डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर आपल्या किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भलतीच चढते. भाद्रपदातल्या कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात असतात आणि ते किडनीवरच घाव घालतात, म्हणून शेतात अनवाणी जाणे तिन्ही प्रकारच्या रुग्णांना वर्ज्य. मानेत कॅथेटर असलेल्याने विसर्जनाला काठावरच थांबावे.

काका: आणि काही झालंच तर?

आडवे झाल्यावर दम लागणे, पायांतले बळ अचानक जाणे, नाडी मंद किंवा वेडीवाकडी होणे, कॅथेटर असताना थंडी वाजून ताप येणे, फिस्टुलाची थरथर थांबणे: यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा. फिस्टुलात गुठळी झाली तर ती काढायला दिवस नव्हे, तास हाताशी असतात. गावचे घर डायलिसिस केंद्रापासून किती वेळाच्या अंतरावर आहे, भरतीला किंवा पुराला मधला रस्ता बंद होतो का, हे यजमानाने आधी खरेखरे सांगायला हवे. इथे गावकऱ्यांची ‘या हो, होईल काहीतरी’ ही वृत्ती उपयोगाची नाही.

पुतणीचा नकार पूर्ण रास्त ठरतो अशा स्थितीही आहेत. डायलिसिस नुकतेच सुरू झाले आहे, सिटिंगमध्ये वारंवार रक्तदाब कोसळतो, पोटॅशियम सतत वर असते, कॅथेटरला संसर्ग आहे, किंवा प्रत्यारोपणाला काही महिनेच झाले आहेत, तर त्या वर्षी जाऊ नये. केदारनाथसारखी ३,५८३ मीटर उंचीवरची यात्रा डायलिसिसच्या रुग्णाने मनातून काढून टाकावी. विरळ हवेत आधीच कमी असलेले हिमोग्लोबिन पुरत नाही, आणि उंचीच्या त्रासावरची अॅसिटाझोलामाइडची गोळी निकामी किडनीत देता येत नाही. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी तिथल्या डायलिसिसचा खर्च आधी विचारावा. पाहुण्यांसाठीचे प्रवास विमे जुना आजार सहसा वगळतात.

काकांच्या बाबतीत यांपैकी काही नाही. फिस्टुला चांगला चालतो, सिटिंग सुरळीत जातात, वजन ते मोजून वाढवतात. वर मांडलेली तिन्ही कामे झाली असतील तर त्यांनी जावे, हा निवाडा. पुतणीलाही तो मान्य व्हावा, कारण तिने घातलेल्या अटीच त्यात आहेत. काकांना त्यात एकच पडते घ्यावे लागते: मंगळवारी ऋषीपंचमीची पंगत बसेल तेव्हा ते तालुक्याला यंत्रावर असतील.

परतल्यावर पहिल्या सिटिंगला बाहेरच्या केंद्रातल्या तिन्ही नोंदी आपल्या तंत्रज्ञाकडे द्याव्यात, ड्राय वेट पुन्हा तपासून घ्यावे आणि पोटॅशियम पाहावे. बाहेर डायलिसिस घेतलेल्या रुग्णाच्या हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. संसर्ग लगेच चाचणीत दिसत नाही, म्हणून पहिला अहवाल निगेटिव्ह आला तरी केंद्र सांगेल तेव्हा दुसरीही द्यावी लागते.